घाटाचा चुना

सर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला पाहिलेली माणसंसुद्धा आता थोडीच उरली असतील. त्यांतली एक मी. आणि आधीच सांगून टाकते, मला तुमच्याबद्दल चांगलं काही बोलायचं नाही. गेलेल्या माणसावर कशाला राग धरायचा, असं माझा मुलगा म्हणतो. त्याचं काय जातं म्हणायला! त्याला तुम्ही भर वर्गात ‘गवंडीबाई’ म्हटलं नव्हतं.

परवा माझी नात भूगोलाची वही घेऊन स्वयंपाकघरात आली. मी विळीवर वांगी चिरत होते. ‘आजी, चुनखडक आणि वालुकाश्म यांतला फरक सांग ना, चार मुद्दे हवेत,’ म्हणाली. कुणाला तरी विचारायचं म्हणून तिनं मला विचारलं, उत्तर येईल अशी तिची अपेक्षा नव्हतीच. मी विळी मिटली आणि घडाघडा सांगत सुटले. चुनखडक पाण्यात विरघळलेल्या चुन्याचा, शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचा. वालुकाश्म वाळूच्या कणांचा. चुनखडक हाताला मऊसर, वालुकाश्म खरखरीत. चुनखडकावर खिळ्यानं ओरखडा उठतो, वालुकाश्माचे कण उलट काचेलाच ओरखडतात. चुनखडकावर आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो, वालुकाश्म नुसता ओला होतो. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. ‘तू कॉलेजात होतीस?’ ‘एक वर्ष.’ ‘मग पुढे का नाही शिकलीस?’ मी पुन्हा विळी उघडली आणि वांगी चिरायला लागले. पण तुमचा तास काही डोक्यातून जाईना सर, एवढ्या वर्षांनी. म्हणून आज वही घेऊन बसले आहे.

भूगोलाची ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. पश्चिमेच्या भिंतीला काचेचं कपाट, त्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांतून ठेवलेले दगड, प्रत्येकावर खळीनं चिकटवलेली चिठ्ठी. आम्ही सात मुली पुढच्या बाकांवर, मागे सगळी मुलं. तुम्ही स्वच्छ पांढरा शर्ट घालून यायचात आणि टेबलावर दोन दगड मांडायचात: एक शहाबादी फरशीचा तुकडा, दुसरा तुम्ही उत्तरेच्या सहलीहून आणलेला तांबूस दगड. ‘दोन रकाने आखा,’ म्हणायचात. आम्लाची बाटली आणि ड्रॉपर फक्त तुमच्या हातात. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती, लांबून बघायचं. फरशीवर फेस यायचा, तांबड्या दगडावर काही व्हायचं नाही, आणि तुम्ही बाटलीचं बूच लावत म्हणायचात, ‘फसफसला तो चुनखडक, नाही फसफसला तो वालुकाश्म. संपलं.’ मग हसून आणखी एक वाक्य, ‘आणि आपल्या जिल्ह्यात हे शोधायला जाऊ नका, इथे वरून खालपर्यंत सगळा काळा पाषाण.’ तुम्ही शिकवायचात फार छान, हे मी नाकारत नाही. नकाशा काढायला तुम्हीच शिकवलंत. प्रमाण आधी, उत्तरेचा बाण मग, आणि नाव सगळ्यात शेवटी. मला तुमचा तास चुकवावासा वाटायचा नाही. तुम्ही माझ्या वहीवर नुसती बरोबरची खूण केलीत तरी मी राहत होते त्या मावशीकडे परत जाताना दोनदा वही उघडून ती खूण बघायची.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आले होते. देवळाली प्रवरेच्या खालच्या अंगाला, नदीकाठी आमचं गाव. आई न्हाणीत पितळी भांडी घासत होती, लिंबाच्या सालींनी, आणि मी विसळून देत होते. न्हाणीच्या कोपऱ्यात टाचा घासायचा दगड असायचा, आमच्याकडे घरोघरी तसलाच. लिंबाचं पाणी त्याच्यावर ओघळलं आणि मला बारीकशी फसफस ऐकू आली. मी दगड उचलला. हाताला वाळूच वाळू. बांगडीवर घासला तर काचेवर चरा उठला. पुन्हा लिंबू पिळलं, पुन्हा बुडबुडे. खरखरीतही हाच आणि फसफसणाराही हाच! तुमचे दोन्ही रकाने त्या एका दगडात आले होते. आईला विचारलं, तर ती भांड्यावरची नजर न काढता म्हणाली, ‘आगं, त्यो उंबराखालच्या दरडीचा. माझ्या सासूच्या आदीपास्नं बाया तितूनच आनत्यात. त्याला काय सोनं लागलंय व्हय?’

मी तशीच उठून नदीवर गेले. गावाच्या वरच्या अंगाला नदी वळते तिथे उंबर होता, आणि त्याच्या खाली दोन पुरुष उंच मातीची दरड. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीच्या खड्यांची पिवळी माती, आणि तिच्याखाली वीतभर जाडीचा एक थर, आडवा, दरडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे कुठेही न तुटलेला. नदीनं टाकलेली वाळू आणि वरच्या मातीतून झिरपत आलेला चुना, त्या दोघांचा मिळून झालेला दगड. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथे उभी राहून, बघून, ते ओळखलं. सर, आयुष्यात पुढे मला लग्न, मुलं, घर सगळं मिळालं, पण त्या दुपारसारखा आनंद पुन्हा काही झाला नाही.

सुट्टी संपल्यावर मी तो दगड रुमालात बांधून तुमच्याकडे आणला. तासाच्या शेवटी आणायला हवा होता, मला दम निघाला नाही, मी तास सुरू असताना उभी राहिले. ‘सर, ज्यात वाळूही आहे आणि चुनाही आहे, त्याला काय म्हणायचं?’ तुम्ही दगड हातात घेतलात, उलटासुलटा केलात आणि वर्गाकडे बघून म्हणालात, ‘त्याला भिंत म्हणायचं.’ सगळा वर्ग खो खो हसला. ‘वाळू आणि चुना मिळून काय होतं? गिलावा होतो. कुठल्या पडक्या वाड्याचा आणलास?’ मी म्हणाले, ‘वाड्याचा नाही सर, थर आहे. नदीच्या दरडीत आडवा थर आहे.’ तुम्ही म्हणालात, ‘बसा गवंडीबाई.’ एवढंच. दगड फोडून बघितला नाहीत. आम्लाची बाटली दोन हातांवर होती, थेंब टाकला नाहीत. एस.टी.नं गावापर्यंत कुणी दरड बघायला आलं असतं, असं तर मी म्हणतच नाही. दगड तुम्ही खिडकीत ठेवून दिलात, आणि मग वर्षभर ती खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून तो तिथेच लावलेला असायचा. मुलं मला जिन्यात अडवून विचारायची, ‘गवंडीबाई, आमच्या घराची भिंत कधी बांधताय?’

हेही मी गिळलं असतं. वर्गातलं हसणं माणूस विसरतो. पण वर्ष संपताना माझे वडील तुम्हाला भेटायला आले. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, आणि तुमच्यासाठी गुळाची ढेप. आमच्या घरची परिस्थिती वाईट नव्हती, पाटाच्या पाण्यावर ऊस होता. प्रश्न एकच होता, पोरीला पुढे शिकवायचं की नाही, आणि तो त्यांनी तुमच्यावर सोडला होता. मी दाराबाहेर उभी होते. ‘सर, आमी काय शिकल्यालं न्हाई,’ वडील म्हणाले. ‘पोरीला फुडं शिकवावं का न्हाई, तुमीच सांगा. तुमी म्हनाल तसं.’ तुम्ही कपात चमचा फिरवत होतात. तो आवाज मला ऐकू येतोय. ‘मुलगी मेहनती आहे,’ तुम्ही म्हणालात, ‘पण डोकं भरकटतं हो तिचं. भिंतीचा चुना आणते आणि दगड म्हणते. चांगलं स्थळ आलं तर बघून टाका.’ आणि हसलात. वडीलही हसले, कारण सर हसले तर हसायला हवं. एस.टी.त बसल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘सर म्हनत्यात त्ये खरं आसंल, बाई.’ माझी ट्रंक त्यांच्या पायाशी होती. मावशीकडून ती ते आधीच घेऊन आले होते.

पुढचं वर्ष बहात्तरचं. माझं लग्न पुणतांब्याकडे ठरलं, पण दुष्काळ पडला आणि तिथी पुढे ढकलली गेली. भंडारदरा धरणाच्या पाण्याचं आवर्तन लांबत लांबत गेलं, पाट कोरडा पडला, ऊस वाळून गेला. नदीचं पात्र मी जन्मात पहिल्यांदा तळापर्यंत उघडं पाहिलं. गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर, नदीकाठच्या रस्त्यासाठी खडी फोडायला. उन्हाळा चढत होता आणि अशात तुमचं कार्ड आलं. तुमचं अक्षर मी लांबून ओळखलं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. वाटलं, सरांना कळलं. वाचलं तर त्यात होतं: ‘मला आढळलेल्या एका खडकाचा नमुना पाहण्यासाठी पुण्याहून तज्ज्ञ मंडळी येत आहेत. सदर नमुना तुझ्या गावाजवळील असल्याचे स्मरते. नेमकी जागा नकाशासह त्वरित कळव.’ मला आढळलेल्या! माझी वर्गातली मैत्रीण नंतर भेटली तेव्हा तिनं सगळं सांगितलं. पुण्याचे एक म्हातारे प्राध्यापक कॉलेजात व्याख्यानाला आले होते. त्यांनी खिडकीतला दगड उचलला, भिंग लावून बघितला, आणि विचारलं, हा इथला? चुन्यानं जखडलेला वालुकाश्म आहे, कुणाला सापडला? तुम्ही क्षणभरही न थांबता म्हणालात, ‘मला.’

मी त्या कार्डाकडे दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी पट्टी, पेन्सिल घेऊन बसले आणि नकाशा काढला. प्रमाण घातलं, उत्तरेचा बाण घातला, नदीचं वळण, देऊळ, गाडीवाट, सगळं पावलांनी मोजून. फक्त फुलीची जागा बदलली. उंबराच्या दरडीवर ती नव्हतीच. गावाच्या खालच्या अंगाला जुना दगडी घाट होता, कधीच्या काळी पुरानं फोडलेला. त्याच्या चुनेगच्ची बांधकामाचे ढेपळे पात्रात पडून, पाण्यानं लोळून लोळून गोल झाले होते. वाळू आणि चुना. हाताला खरखरीत, आणि आम्ल टाकलं की फसफसणारे. मी फुली तिथे मारली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘नमुन्याची जागा’. पाकीट पोस्टात टाकून आले आणि त्या दिवशी मी पोटभर जेवले.

तुम्ही जीपमधून आलात. चार पाहुणे, मागून टेम्पोत कॉलेजची पोरं. सकाळची वेळ, तरी पात्रातली वाळू तापली होती. तुम्ही डोक्याला पांढरी टोपी घातली होती, हातात नवा कोरा हातोडा. मी काठावर बाभळीखाली उभी होते, आईला सरपण आणते असं सांगून. तुम्ही नकाशा उघडून पावलं मोजत फुलीपाशी गेलात, एक ढेपळा उचललात आणि बोलायला लागलात. तोच आवाज, तेच दोन रकाने: चुनखडकाचे गुण सांगितलेत, वालुकाश्माचे सांगितलेत, आणि म्हणालात, ‘पण इथे निसर्गानं दोहोंचा संगम केला आहे.’ थेंब टाकलात. फसफसलं. पाहुण्यांतल्या त्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तुमच्या हातातला हातोडा मागून घेतला. एवढ्यात खडी फोडणाऱ्यांतला आमच्या गावचा म्हातारा गवंडी जवळ आला. दुष्काळात बांधकामं बंद, म्हणून तोही खडीवर होता. तो वाकून बघायला लागला आणि म्हणाला, ‘आवो सायेब, ह्यो घाटाचा चुना हाय. माज्या आज्यानं मळलाय चुन्याच्या घानीत. फोडा, आत इटकूर घावंल.’

ठण्ण. प्राध्यापकांनी ढेपळा फोडला. आत विटेचा लालभडक तुकडा.

पहिल्यांदा पोरं हसली. मग खडीवरच्या बाया हसल्या, पदर तोंडाला लावून. गवंडी बिचारा घाबरला, म्हणाला, ‘माजं कायी चुकलं का?’ पाहुणे चांगले होते, ते हसले नाहीत, आणि तुम्हाला तेच जास्त लागलं असणार. तुम्ही टोपी काढलीत, पुन्हा घातलीत. मग वर बघितलंत आणि मी तुम्हाला दिसले. मी नजर खाली घातली नाही. मला लपायचंच नव्हतं. कुणी केलं हे तुम्हाला कळलं नसतं तर सगळी मजाच गेली असती. त्या क्षणी माझ्या अंगावर जो काटा आला तो सुखाचा होता, सर, आणि इतक्या वर्षांत मी त्याची कुणाजवळ माफी मागितलेली नाही. आजही मागत नाही.

जाताना तुम्ही एकटे आमच्या दारात आलात. पाणी मागितलंत. आईनं तांब्या दिला, वर म्हणाली, ‘सर, च्या टाकू का? बाईला तुमी लई शिकवलंत.’ तुम्ही नको म्हणालात. मी चौकटीला टेकून उभी होते, म्हटलं आता ओरडतील, वडिलांना बोलावतील, बोलावूच देत. तुम्ही खिशातून माझा नकाशा काढलात, घडी उलगडलीत, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘नकाशा चांगला काढलास.’ मग बोट फिरवत, ‘बाणसुद्धा बरोबर आहे.’ घडी घातलीत, खिशात ठेवलात आणि निघून गेलात. खरी जागा कुठे, हे विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

पुढे पोरं तुम्हाला ‘भिंत सर’ म्हणायला लागली, हे मला पुणतांब्यात कळलं. तुम्ही दुसरीकडे बदली करून घेतलीत, तिथेही ते नाव पोचलं. तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मी कणीक मळत होते. हात धुतले नाहीत, उठले नाही. माझ्या दगडाचं काय झालं, हे मैत्रिणीला विचारून घेतलं होतं. त्या उन्हाळ्यानंतर तो खिडकीत नव्हता. तुम्ही फेकलात की नेलात, कोण जाणे. आणि उंबराची दरडही आता नाही. खाली बंधारा झाला, पाणी चढलं, थर बुडाला, वरची माती लोकांनी ट्रॅक्टरनं ओढून शेतात टाकली. पुण्याचे ते प्राध्यापक पुन्हा आले नाहीत. एकदा विटेवर हसं झालेल्या गावात कशाला कोण येतंय? म्हणजे मी तुम्हाला खोटं पाडलं, पण त्यात मी खरी होते हे सांगायला आता दगडही नाही आणि जागाही नाही. ज्या दिवशी मी ती फुली हलवली त्या दिवशी हेही मीच केलं. त्याची चीड मला तुमच्यावरच येते, कारण तुम्ही एक थेंब टाकला असतात तर यातलं काहीच झालं नसतं.

नातीच्या वहीत चार मुद्दे लिहून झाल्यावर मी तिला पाचवा सांगितला: काही दगडांत दोन्ही असतं. ती म्हणाली, ‘हे पुस्तकात नाहीये, आजी. बाई मार्क कापतील.’ मी म्हटलं, ‘मग नको लिहू.’ तिनं लिहिलं नाही.

आता एक शेवटचं, आणि हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमचं कार्ड आलं त्या दिवशी मी काढलेला पहिला नकाशा खरा होता. फुली उंबरापाशी होती, थराची जाडी बाजूला लिहिली होती, दरडीचा छेदही काढला होता, तुम्ही शिकवला होता तसा. पाकिटात घालून ते मी चिकटवलंसुद्धा होतं. मग ‘मला आढळलेल्या’ हे शब्द पुन्हा वाचले आणि पाकीट फाडलं. तो नकाशा ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवला, तो अजून आहे. आत्ता हे लिहिताना काढून समोर ठेवला आहे. कागद पिवळा पडलाय, पण रेषा एकही पुसलेली नाही. या पत्राला तो जोडते आहे आणि दोन्ही पुन्हा ट्रंकेतच जाणार आहेत.

तुम्ही ज्याला चांगला म्हणालात, त्याच्यापेक्षा हा चांगला आलाय, सर. तुम्ही हा बघायला हवा होता.